फाइल उशिरा का उघडते? जयपूरच्या कचेऱ्यांतल्या तीन दशकांचा मागोवा

जोहरी बाजारातून आत वळणाऱ्या गोपालजी का रास्ता या गल्लीत खड्यांचे सौदे आजही कागदी पुडी उघडून होतात. त्या सौद्यांचा हिशेब मात्र केव्हाच कॉम्प्युटरवर गेला. शहराच्या दक्षिणेला सीतापुऱ्यात दागिने निर्यात करणारे कारखाने आहेत, सांगानेरला कापडछपाई चालते, आणि सीए-वकिलांच्या कचेऱ्या तर शहरभर आहेत. या सगळ्यांकडे कोपऱ्यात एक सर्व्हर असतो, त्यावर सगळ्यांनी मिळून वापरायचा एक फोल्डर असतो, आणि नेटवर्कवाल्याला येणारा फोनही एकच असतो: "भाईसाहब, सर्वर बहुत धीमा चल रहा है."

या तक्रारीची कारणं दर काही वर्षांनी बदलत गेली. उपाय मात्र बहुतेक ठिकाणी तोच राहिला: जास्त वेगवान यंत्र विकत आणायचं. मागे वळून पाहिलं तर यातला बराच पैसा चुकीच्या जागी गेला. फाइल उशिरा उघडण्याचा दोष तारेच्या क्षमतेत क्वचितच असतो. दोन यंत्रांमध्ये किती वेळा विचारपूस होते आणि प्रत्येक उत्तराला किती वेळ लागतो, यावर सगळं अवलंबून असतं.

एकाच तारेवर सगळे

नव्वदच्या दशकात सर्व्हर म्हणजे बहुधा नॉव्हेल नेटवेअर. त्याची ३.१२ ही आवृत्ती १९९३ची. त्या सर्व्हरचं काम मुख्यतः फाइल आणि प्रिंटर वाटून देण्याचं, आणि ते तो चोख करी. खरा त्रास जोडणीचा होता. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी एकच तार सगळ्या टेबलांखालून फिरायची. वेग सेकंदाला १० मेगाबिट, एका सलग तारेची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जोडण्या फार तर ३०, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. कुणी खुर्ची सरकवताना जोड निखळला की अख्खी ओळ बंद पडायची. पण पूर्ण तुटलेला जोड लगेच सापडे. अर्धवट सैल झालेला जोड जास्त छळायचा. संदेश बिघडत, पुन्हा पाठवावे लागत, आणि काम बंद न पडता रेंगाळत राही.

दुसरं कारण प्रोग्रॅमच्या रचनेत होतं. तेव्हाचे हिशेबाचे प्रोग्रॅम बहुतेक फॉक्सप्रो किंवा डीबेसमध्ये लिहिलेले. त्यात शोधाशोध सर्व्हर करत नसे, तो फक्त फाइलचे तुकडे पुरवायचा. एका ग्राहकाची नोंद काढायची तरी इंडेक्स आणि नोंदींचे तुकडे तारेवरून टेबलापर्यंत यायचे आणि शोध तिथे चालायचा. माणसं वाढली की त्याच तारेवर तेवढ्या पटीने गर्दी.

पुढे विंडोज एनटी आणि विंडोज ९५ आले, तेव्हा आणखी एक गंमत दिसू लागली. मालक सकाळी एकटे येऊन बसत तेव्हा सगळं पळायचं. अकरा वाजता दोन कारकून आले की तोच प्रोग्रॅम रांगायचा. यामागे ऑपलॉक नावाची सोय आहे. फाइल एकानेच उघडली असेल तर सर्व्हर त्याला तिचा मजकूर स्वतःच्या यंत्रात साठवायची मुभा देतो, म्हणून दरवेळी विचारावं लागत नाही. दुसऱ्याने तीच फाइल मागितली की मुभा रद्द होते आणि प्रत्येक वाचन-लेखनासाठी सर्व्हरपर्यंत जावं लागतं. यंत्र बिघडलेलं नसतं, विचारपूस वाढलेली असते.

हब गेले, स्विच आले

दोन हजार सालाच्या आगेमागे जुनी तार गेली. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र केबल आली, आधी हबला आणि मग स्विचला जोडलेली. वेग १००वर गेला. तरी काही कचेऱ्यांत मोठी फाइल कॉपी करायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. पिंग स्वच्छ, मेल ठीक, फक्त मोठी फाइल अडकते, असं कुणी सांगितलं की अनुभवी माणूस आधी दोन्ही टोकांच्या सेटिंग बघायचा. एका टोकाला कुणीतरी हाताने "१०० फुल" ठरवून दिलेलं असायचं आणि दुसरं टोक "ऑटो"वर. ऑटोवरच्या टोकाला वेग कळतो, पण समोरचा एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो हे कळत नाही, म्हणून ते हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे आळीपाळीने बोलण्या-ऐकण्यावर, उतरतं. मग एक बाजू बेधडक बोलते आणि दुसरी दरवेळी टक्कर झाली असं समजून थांबते. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवली की आजार संपला. खर्च शून्य.

याच काळातला दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मेलेले मॅप केलेले ड्राइव्ह. जुना सर्व्हर भंगारात गेलेला, पण त्याचा ड्राइव्ह प्रत्येक कॉम्प्युटरवर तसाच. माय कॉम्प्युटर उघडलं की विंडोज त्या नसलेल्या सर्व्हरला हाका मारत बसे. नाव शोधण्यातली गडबडही तशीच. फोल्डर पत्त्याच्या आकड्यांनी चटकन उघडतो आणि नावाने उशिरा, असं दिसलं तर सर्व्हरला हात लावायचं कारण नाही. दुरुस्ती डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, करायची.

बोलघेवडी भाषा

विंडोजचं फाइल वाटपाचं संभाषण ज्या एसएमबी भाषेत होतं, ती १९८३च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबॉम यांनी सुरू केली. पुढे तिच्यात भर पडत गेली आणि आज्ञांची संख्या शंभराच्या वर गेली. एक फाइल उघडायलाही बरीच देवाणघेवाण लागे. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आज्ञा १९वर आणल्या आणि अनेक विनंत्या एकत्र पाठवायची सोय केली. वाण्याकडून यादी देऊन सगळा किराणा एकदम आणावा आणि एकेका जिन्नसासाठी वेगळी फेरी मारावी, एवढा हा फरक होता. पण दोन्ही टोकांना नवी भाषा येत असेल तरच हा फायदा. कचेरीत सर्व्हर म्हणून जुना एक्सपी कॉम्प्युटर असला तर नवा कॉम्प्युटरही तेव्हा जुन्याच भाषेत बोलायचा.

व्हिस्टाचाच एक किस्सा. २००७ साली लक्षात आलं, की कॉम्प्युटरवर गाणं लावलं की नेटवर्कवरून फाइल आणण्याचा वेग पडतो. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी कारण उलगडून सांगितलं. गाणं अडखळू नये म्हणून विंडोज नेटवर्कचे पॅकेट सेकंदाला सुमारे १०,०००वर रोखून धरत होतं. फाइल मंद आणि कारण गाण्यात, हे केबल तपासून कुणाला सापडलं असतं?

२०१७ ची दोन वळणं

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. १ जुलैला जीएसटी लागू झाला. सीए कचेऱ्यांसाठी ही दोन वळणं एकमेकांत अडकली. भीतीपोटी सर्व्हरवरही अँटिव्हायरस बसला आणि प्रत्येक टेबलावरही. परिणामी एकच फाइल दोन्हीकडे तपासली जाऊ लागली. त्यात टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा सामायिक फोल्डरमध्ये असेल तर प्रत्येक टेबल स्वतः त्या फाइलींत सतत वाचतं-लिहितं. विवरणपत्रांचा दिवस जवळ आला, विशेषतः महिन्याची २० तारीख, की सगळे एकदम बसायचे. "सर्व्हर वीस तारखेलाच कसा बिघडतो?" या प्रश्नाचं उत्तर त्या तारखेतच होतं. हिशेबाचा फोल्डर एका बाजूच्या तपासणीतून विचारपूर्वक वगळला, तरी पुष्कळ ठिकाणी फरक पडला.

रत्नांच्या निर्यातदारांचा त्रास वेगळा. त्यांच्या एका फोल्डरात हजारो खड्यांचे फोटो असतात. तो लहान चित्रांसह उघडायचा म्हटलं की कॉम्प्युटर प्रत्येक फोटो नेटवर्कवरून उघडतो, वाचतो, बंद करतो. यादीच्या रूपात पाहिलं, किंवा वर्षा-महिन्याप्रमाणे फोल्डर पाडले, की तोच सर्व्हर हलका होतो.

घरून काम आणि त्यानंतर

२०२०च्या टाळेबंदीत विचारपुशीचं गणित सगळ्यांसमोर उघडं पडलं. समजा ३,००० फोटोंचा फोल्डर आहे आणि प्रत्येकासाठी पाच फेऱ्या लागतात. म्हणजे १५,००० फेऱ्या. कचेरीत एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर एकूण साडेसात सेकंद. घरून व्हीपीएनने एका फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर त्याच कामाला दहा मिनिटं. घरचं इंटरनेट दुप्पट वेगाचं घेऊन ही दहा मिनिटं कमी होत नाहीत. ज्यांनी फाइल घरी ओढण्याऐवजी रिमोट डेस्कटॉपने कचेरीतल्याच कॉम्प्युटरवर काम केलं, ते सुटले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं, की नेटवर्क साठवणीसाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या काही रेड डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्यांत ट्रॅक एकमेकांवर चढलेले असल्याने विखुरलेल्या जागी लिहिणं न थांबता बराच काळ चाललं की वेग कोसळतो. इथे दोष खरोखर डिस्कचा होता. जयपूरच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि आंधीची धूळ पंख्यात बसते. त्यामुळे डिस्कची तब्येत बघणं इथे ऐच्छिक नाही. मरणारी डिस्क अनेकदा आधी मंदावते, कारण खराब जागा ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते.

मग सगळं क्लाउडवर का नाही, असा प्रश्न येतो. २६ सप्टेंबर २०२१ला रीट या शिक्षक पात्रता परीक्षेसाठी जयपुरातही मोबाइल इंटरनेट बंद होतं. हॉटस्पॉटवर चालणाऱ्या कचेऱ्यांना त्या दिवशी कोपऱ्यातल्या सर्व्हरची किंमत कळली असणार. म्हणून तो सर्व्हर अजून टिकून आहे, आणि त्याचे नवे प्रश्नही. २०२४च्या विंडोज ११ आवृत्तीपासून (२४एच२) एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मूळ सेटिंगमध्येच सक्तीची झाली. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण स्वस्तातल्या जुन्या नासवर (नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर) फाइल मंदावली किंवा उघडेनाशी झाली तर आधी इकडे बघावं.

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. नवा सर्व्हर घेण्याआधी एक सकाळ मोजणीला द्या. एक जीबीची एकच फाइल कॉपी करा. गिगाबिट जोडणीवर तिला साधारण दहा सेकंद लागायला हवेत. मग हजार छोट्या फाइलींचा फोल्डर कॉपी करा. मोठी फाइल पळते आणि छोट्या रांगतात, तर केबल निर्दोष आहे. अँटिव्हायरस, नाव शोधणं आणि प्रोग्रॅमची रचना तपासा. दोन्ही रांगतात, तर केबल, स्विचची सेटिंग आणि डिस्क बघा. त्रास एकालाच आहे की सर्वांना, रोज आहे की ठरावीक तारखेला, हे कागदावर लिहून काढा. तो कागद हातात असल्याशिवाय कुणालाही नव्या सर्व्हरचं कोटेशन मागू नका.