शकुंतलेची वाट आणि परतवाड्याचे उद्याचे दळणवळण

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेली परतवाडा व अचलपूर ही जुळी शहरे म्हणजे मेळघाटाचे प्रवेशद्वार होय. २०११ च्या जनगणनेनुसार येथील नगर परिषदेच्या हद्दीत एक लाखाहून अधिक लोक राहतात. चिखलदरा, धारणी आणि मध्य प्रदेशातील बैतूल यांकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. मेळघाटातील सागवान, आसपासच्या बागांतील संत्री, काळ्या जमिनीतील कापूस या साऱ्यांची वाहतूक याच गावातून होते. तथापि, आज ही सर्व वाहतूक केवळ रस्त्यावर अवलंबून आहे. म्हणूनच येथील रेल्वेचा प्रश्न हा नगरनियोजनाचाही प्रश्न ठरतो.

एका अरुंद मार्गाची कथा

'शकुंतला' या नावाने वऱ्हाडात परिचित असलेली रेल्वे मूर्तिजापूर येथून दोन दिशांना जात असे. एक फाटा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला, तर दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्हींची लांबी मिळून सुमारे १९० किलोमीटर. त्यांपैकी अचलपूरचा फाटा सुमारे ७६ किलोमीटरचा. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने हा मार्ग उभारला. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर व तेथून मुंबई बंदरात पोहोचविणे हा त्यामागील हेतू होता. देशातील इतर रेल्वेमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडे राहिली आणि गाड्या भारतीय रेल्वेने कराराने चालविल्या. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने येथे दीर्घकाळ सेवा केली. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. पुढे जीर्ण रूळ व पूल यांमुळे ही सेवाही थांबली.

रुंदीचा अर्थ

या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्गाचे १,६७६ मिलिमीटर आहे. त्यामुळे अचलपूरचा डबा मूर्तिजापूरच्या पुढे जाऊ शकत नसे. प्रत्येक गासडी, प्रत्येक पेटी तेथे उतरवून पुन्हा चढवावी लागे. या दुहेरी हाताळणीत वेळ व मजुरी दोन्ही खर्ची पडत आणि नाशवंत फळांची नासाडी होई. मालमोटार मात्र बागेतून थेट बाजारपेठेत जाते. अरुंद मार्ग मागे पडला, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

रुंदीकरण म्हणजे केवळ रूळ सरकविणे नव्हे. वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. म्हणून भराव नव्याने घालून त्यावर योग्य मातीचा थर द्यावा लागतो. पूल जड गाड्यांसाठी पुन्हा बांधावे लागतात, तीव्र वळणे सरळ करावी लागतात आणि त्यासाठी अधिक जमीन लागते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची घोषणा केली होती. परंतु मालकीचा गुंता सुटल्याखेरीज अशा कामास गती येत नाही, हे अनुभवास आले.

शेजारचे धडे

अकोला–खांडवा मार्गाचे उदाहरण बोधप्रद आहे. अकोला ते अकोट हा टप्पा रुंद होऊन २०२२ मध्ये तेथे प्रवासी गाडी सुरू झाली. पुढील जुना मार्ग मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने वाद उद्भवला आणि प्रकल्पाबाहेरून जाणाऱ्या मार्गाचा पर्याय पुढे आला. मार्गाची निश्चिती आरंभीच झाली नाही, तर काम वर्षानुवर्षे अडते. दुसरे उदाहरण अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाचे. तेथे राज्य शासनाने निम्म्या खर्चाचा भार उचलला. तिसरे म्हणजे नरखेड–बडनेरा हा नवा मार्ग. तो चांदूर बाजारपर्यंत रुंद रूळ घेऊन आला असल्याने परतवाड्याच्या पूर्वेसही एक दुवा उपलब्ध झाला आहे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

रेल्वे बांधणे हे नगर परिषदेचे वा ग्रामपंचायतीचे काम नव्हे. पण तिची वाट मोकळी ठेवणे त्यांच्या हाती आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात स्थानक, मालधक्का व जोडरस्ते यांसाठी जागा राखून ठेवता येते. आज ती राखली नाही, तर उद्या तेथे इमारती उभ्या राहतील आणि भूसंपादन महाग होईल. जुन्या रुळांच्या पट्ट्यावरील अतिक्रमणाकडे ग्रामपंचायतींनी वेळीच लक्ष दिले पाहिजे. फाटकाऐवजी भुयारी रस्ता सुचविला जाईल तेव्हा पावसाचे पाणी कोठे जाणार, बैलगाडी व कापसाने भरलेली मालमोटार तेथून निघेल काय, हे ग्रामसभेने आराखड्याच्या वेळीच विचारले पाहिजे.

गाडी स्थानकात आली, तरी तेथून बसस्थानक, बाजार समिती व रुग्णालय गाठता आले नाही, तर प्रवाशास तिचा उपयोग थोडाच. रेल्वे, एस. टी. आणि शहरातील रस्ते यांचा विचार एकत्र व्हावयास हवा. शंभर वर्षांपूर्वीची रेल्वे कापसाच्या गासडीसाठी आखली गेली. उद्याची रेल्वे शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी, उपचारासाठी निघालेला मेळघाटचा आदिवासी आणि संत्रा पिकविणारा शेतकरी यांच्यासाठी आखली जावी, हीच खरी अपेक्षा आहे.