छातीतला ऐवज

"काका, थुंकी नको. छातीतून बेडका काढा. आधी दोनदा खोल श्वास घ्या." क्षय-तपासणी केंद्राच्या खिडकीतून तंत्रज्ञ बाई बजावतात. काका इमारतीमागच्या उघड्या जागेत जाऊन कमरेतून वाकून खोकतात. डबी परत आली की बाई ती आधी उजेडात धरतात. पातळ, फेसाळ असेल तर ती तोंडातली लाळ, पुन्हा खोका. दाट, पिवळट, तार सुटणारं काही असेल तर डबीवर नंबर पडतो.

नाक मुरडण्याआधी हा ऐवज आला कुठून ते पाहावं. दहा मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ बहुतेक नाकातच अडकते. त्याहून बारीक कण श्वासनलिकांच्या फाट्याफाट्यावर आदळतात आणि तिथल्या चिकट श्लेष्म्यात रुततात. खाली पेशींवर सूक्ष्म रोमक असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. ते सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात: वर ढकलताना ताठ, परतताना वाकून, होडीच्या वल्ह्यासारखे. श्लेष्मा मिनिटाला साधारण अर्धा-एक सेंटिमीटर घशाकडे सरकतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. खोकला लागतो तो हे काम तुंबलं की. विडी-सिगारेटचा धूर या रोमकांनाच लुळं करतो.

लहान मुलांना बेडका काढून दाखवता येत नाही. त्यांच्यात क्षयाची शंका आली, की डॉक्टर पहाटे उपाशीपोटी नळी घालून जठरातलं पाणी काढतात. रात्रभर रोमकांनी वर आणलेला आणि झोपेत गिळलेला माल तिथे सापडतो. फुप्फुसाचा रोग पोटात शोधायचा, ही युक्ती मोठी नामी आहे.

इकडे केंद्रात डबीतला बेडका स्लाइडवर पसरून त्यावर लाल रंग ओतून बाई खालून ज्योत फिरवतात. वाफ दिसली पाहिजे, उकळी नको. मग आम्लाने रंग धुवायचा आणि वर निळा चढवायचा. सूक्ष्मदर्शकात मोठ्या चपट्या पेशींचीच गर्दी असेल, तर ती तोंडाची. पण गोल, भरीव, केंद्रक एका बाजूला सरकलेली पेशी दिसली, की नमुना खोलवरचा. ही मॅक्रोफेज, वायुकोशांतली भक्षक पेशी. तिथे रोमक नसतात. एक ते पाच मायक्रॉनचे जे कण तळापर्यंत पोचतात, ते हिलाच गिळावे लागतात. विडी ओढणाऱ्याच्या किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बाईच्या नमुन्यात हिच्या पोटात काळे ठिपके स्पष्ट दिसतात.

पेशी परक्याला गिळतात हे एल्या मेचनिकॉफ यांना 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे उमगलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा टोचला; सकाळी त्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या. पुढे 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच 1882 च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला होता, आणि नेमका हाच जंतू भक्षक पेशीला पुरून उरतो. ती त्याला गिळते, पण ज्या पिशवीत तो अडकतो तिच्यात पाचक रस येऊच देत नाही तो. उलट आतच वाढतो. निळ्या पार्श्वभूमीवर बाई ज्या लाल काड्या शोधतात, त्या याच.

दगडाच्या खाणीतली आणि क्रशरवरची धूळ आणखी वाईट. सिलिकाचा कण जिवंत नाही, त्यामुळे मरतही नाही. त्याला गिळणारी पेशीच फुटते, कण मोकळा होतो, दुसरी येऊन तोच गिळते. दर खेपेला फुप्फुसात थोडा व्रण वाढतो. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि भक्षक पेशी अशा दुबळ्या झालेल्या कामगाराला क्षयाचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. खाण सोडून वर्षं उलटली तरी आतले कण तिथेच असतात आणि व्रण वाढत राहू शकतो.