कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेले



भाताची खालची जुनी पाने शेंड्याकडून व कडांनी पिवळी पडून करपू लागली, वाऱ्यात पीक लोळले, मळणीला पोचट दाणे जास्त निघाले, तर पालाशाची उणीव असण्याचा संभव असतो. मग आपण पोटॅशचे पोते आणायला धावतो. हे खत परदेशातून येते आणि खिसा रिकामा करते. तेव्हा आधी आपली माती पाहू या.

मातीतील पालाशापैकी ९० ते ९८ टक्के भाग अभ्रक, फेल्डस्पार अशा खनिजांत अडकलेला असतो. पिकाला लगेच मिळणारा जेमतेम १ ते २ टक्के. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेले! मुळांजवळचे काही जिवाणू सौम्य आम्ले सोडतात. त्यांनी खनिज हळूहळू झिजते व पालाश मोकळा होतो. ‘फ्राट्युरिया ऑरँशिया’ हा त्यांपैकी एक. त्याचे जिवाणू खत बाजारात मिळते.

वापरायची रीत सोपी आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. किंवा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून जमिनीत द्यावे. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. रासायनिक खतात ते कधीही मिसळू नयेत. पाकिटावरची मुदत पाहूनच घ्यावे, उन्हात ठेवू नये. जिवाणू सजीव आहेत. मेले तर पैसे मातीत.

मात्र एक गोष्ट विसरू नका. जिवाणू कणगीचे तोंड उघडतात, कणगी भरीत नाहीत. बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत साठा बराच असतो. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीतून तो पावसाने पुष्कळसा धुऊन गेलेला असतो. तिथे नुसत्या पाकिटावर भिस्त ठेवणारा फसेल. म्हणून आधी माती तपासून घ्या आणि अहवाल पाहूनच पोटॅशची मात्रा ठरवा.

कणगी भरण्याचा मार्ग घरातच आहे. भाताने घेतलेला बहुतेक पालाश दाण्यात नव्हे, पेंढ्यात राहतो. पेंढा गुरांनी खाल्ला की त्यातला मोठा वाटा मूत्रात उतरतो, आणि तेच आपण गटारात सोडतो! गोठ्यात पालापाचोळा अंथरा, भिजलेला रोज खड्ड्यात टाका. उसाचे पाचट जाळू नका. त्या खतावर जिवाणूही पोसतील आणि पीकही.