पासपोर्ट : गडहिंग्लजहून निघण्यापूर्वी

२०१७मध्ये कोल्हापुरात कसबा बावड्याच्या टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र सुरू झालं आणि गडहिंग्लजकरांची पुण्याची फेरी वाचली. तरी निपाणीमार्गे कोल्हापूर गाठायचं म्हणजे शेतकऱ्याचा, मजुराचा अख्खा दिवस जातो. तो वाया जातो तो बहुधा कागदांपायी. आधारवर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे आद्याक्षर. अर्ज अडकतो तो इथेच. ही दुरुस्ती केंद्रातल्या भेटीची वेळ ठरवण्याआधीच करून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही जवळ हवेत.

प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. तत्काळसाठी आणखी २,०००. भेटीसाठी जवळची तारीख मिळत नसेल तर पासपोर्ट सेवेचं संकेतस्थळ रोज पाहावं, कारण लोक तारखा बदलतात आणि जागा मोकळ्या होतात. पोलीस पडताळणी मात्र आपल्याच ठाण्याकडून होते. त्या दिवसांत फोन बंद ठेवू नका. आणि ‘लवकरचा नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.