आयएल-६ म्हणजे काय? रिपोर्टमधला तो आकडा आणि 'टोसी' इंजेक्शन

एप्रिल-मे २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या भुसावळमध्येही सीआरपी, डी-डायमर, एचआरसीटी स्कोअर हे शब्द घरोघरी पोचले. त्यातलाच एक आयएल-६. "आयएल-६ वाढलंय, टोसी मिळतं का बघा" असं कानावर आलं की नातेवाईक जळगाव, नाशिक, मुंबई असे फोन लावत सुटायचे. टोसी म्हणजे टोसिलिझुमॅब. तेव्हा ते परदेशातून यायचं, ४०० मिलिग्रॅमची किंमत ४० हजार रुपयांच्या आसपास, आणि काळ्या बाजारात तर विचारूच नका.

पण आकडा वाढला म्हणजे हे इंजेक्शन हवंच, असं असतं का? चला, मुळापासून समजून घेऊया.

आयएल-६ हा सिग्नल आहे, गाडी नाही

आयएल-६, म्हणजे इंटरल्युकिन-६, हे एक छोटं प्रथिन. जंतू शिरले किंवा जखम झाली की तिथल्या पेशी ते सोडतात. काम एकच, बाकीच्या शरीराला खबर देणं. जंक्शनवाल्यांना वेगळं सांगायला नको: सिग्नल स्वतः काही वाहून नेत नाही, पण तो पडला की गाड्या सुटतात.

या एका सिग्नलवर बरंच काही सुरू होतं:

• यकृत सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे रिपोर्टमधला सीआरपी हा बऱ्याच अंशी आयएल-६ चाच पडसाद असतो.
• मेंदूपर्यंत खबर जाते आणि ताप चढतो.
• यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, त्यामुळे लोह साठ्यातच अडकून पडतं. जुनाट आजारात हिमोग्लोबिन उतरतं, त्यामागे हेही एक कारण असतं.
• बी पेशी अँटिबॉडी बनवायला तयार होतात. जपानमधल्या ओसाका विद्यापीठाचे तादामित्सु किशिमोतो याच कामाचा माग काढत होते. १९८६ मध्ये त्यांच्या टीमने आयएल-६ चा जीन शोधला.

गंमत म्हणजे भरपूर व्यायाम केला तरी स्नायू आयएल-६ सोडतात. म्हणजे हे प्रथिन मुळात शत्रू नाही. अडचण होते ती सिग्नल पडलेलाच राहिला तर.

मग नुकसान कसं होतं?

आयएल-६ पकडणारा रिसेप्टर थेट अंगावर असलेल्या पेशी मोजक्याच, मुख्यतः यकृताच्या आणि काही पांढऱ्या पेशी. पण हाच रिसेप्टर सुटा होऊन रक्तातही फिरतो. आयएल-६ त्याला चिकटलं की ही जोडी जवळपास कुठल्याही पेशीला निरोप देऊ शकते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला तो मिळाला की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, वाहिन्या पाझरू लागतात. हे फुप्फुसात झालं तर ऑक्सिजन उतरतो. सांध्यात वर्षानुवर्षं चालू राहिलं तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

टोसिलिझुमॅब आयएल-६ ला हात लावत नाही, ते रिसेप्टर अडवतं. त्यामुळे इंजेक्शननंतर रक्तातलं आयएल-६ उलट वाढलेलं दिसू शकतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, मेसेज घेणारा बंद केला की रांगेत मेसेज साचतात, तसंच. नंतरचा आकडा बघून "औषध लागू पडलं नाही" म्हणणं चुकीचं.

चाचण्यांनी काय सांगितलं?

भारतातल्या १२ हॉस्पिटलांत कोव्हिंटॉक नावाची चाचणी झाली, १८० रुग्णांवर. सरसकट सगळ्यांना टोसी देण्याचा ठोस फायदा त्यात दिसला नाही.

ब्रिटनची रिकव्हरी चाचणी खूप मोठी, ४,११६ रुग्णांची. त्यात फायदा दिसला. २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांवर ३५ टक्के रुग्ण दगावले, टोसी दिलेल्यांत ३१ टक्के. म्हणजे अशा १०० रुग्णांमागे साधारण ४ जीव जास्त वाचले. कमी नाही, पण जादूही नाही.

आता निवड कशी केली ते बघा. ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली गेलेला किंवा ऑक्सिजन लावलेला, आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त. आयएल-६ चा आकडा अटींत नव्हताच! शिवाय बहुतेकांना सोबत स्टेरॉइड चालू होतं, आणि ते स्वस्त औषध आहे. म्हणजे नुसत्या आयएल-६ च्या रिपोर्टवरून जी धावपळ झाली, तिला या चाचणीचा आधार नव्हता.

आज हे का माहीत हवं?

टोसिलिझुमॅब आजही आमवातासाठी दिलं जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या औषधाला कोरोनासाठी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, त्यामुळे ते देशातही बनतं. घरात कोणाला चालू असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, सुरू करण्याआधी टीबीची तपासणी. शरीरात दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो.

दोन, सिग्नलच अडवलेला असल्यामुळे आत इन्फेक्शन असूनही ताप येत नाही आणि सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून खोकला, धाप, पोटदुखी किंवा न भरणारी जखम असेल तर "रिपोर्ट तर चांगलाय" म्हणून घरी थांबू नका. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिल्याच वाक्यात हे औषध चालू असल्याचं सांगा. कारण तेव्हा सीआरपीवर एकट्यावर विसंबून चालत नाही.