घरातल्या कॅसेट-सीडींची एक वही

आज बचतीबद्दलच बोलायचं आहे, पण पैशांच्या नाही. टीव्हीखालच्या खणात, जुन्या ट्रंकेत, माळ्यावरच्या खोक्यात लग्नाच्या कॅसेट असतात, बारशाच्या सीडी असतात, बाजारातून आणलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी असतात. आता त्यात पेन ड्राइव्ह आणि बंद पडलेल्या मोबाइलची मेमरी कार्डं यांची भर पडली आहे. या सगळ्याचा हिशेब कसा ठेवायचा, ते बघू.

तुम्ही म्हणाल, सिनेमाचा कसला हिशेब? तर एक गोष्ट सांगते. आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत लागला. बघायला झुंबड उडाली होती. आज त्या सिनेमाची एकही प्रत शिल्लक नाही. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, तो मात्र आजही बघता येतो. जुने सिनेमे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं. तोवर कितीतरी सिनेमे कायमचे गेले होते. एवढ्या मोठ्या सिनेमाची ही गत, तर आपल्या घरच्या कॅसेटला कोण विचारतो? ती आपणच जपायची.

पहिलं काम म्हणजे सगळं एका जागी आणा आणि दोन ढीग करा. एका ढिगात विकत आणलेले सिनेमे, दुसऱ्यात घरचं चित्रण. हा फरक महत्त्वाचा आहे. विकतची डीव्हीडी खराब झाली तरी तो सिनेमा दुसरीकडे मिळण्याची शक्यता असते. सासूबाईंनी हळदीला म्हटलेली ओवी ज्या कॅसेटमध्ये आहे, ती जगात बहुधा एकच असते. म्हणून काळजी आधी दुसऱ्या ढिगाची.

आता वही. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित लेखे ठेवणं आहेच, तीच सवय इथे लावायची. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या. कॅसेटसाठी ‘क’, डिस्कसाठी ‘ड’, पेन ड्राइव्ह आणि कार्डासाठी ‘प’. म्हणजे क-१, क-२, ड-१ असे नंबर होतील. नंबर वस्तूवरही लिहायचा आणि वहीतही. मग वहीत सहा रकाने आखा: नंबर, आत काय आहे, साल, कुठे ठेवलं, दुसरी प्रत कुठे आहे, आणि कोणाला दिलं. शेवटच्या रकान्यात तारीखही घाला. गटाच्या कर्जाची नोंद आपण जशी ठेवतो तशीच ही. नेलेली सीडी परत आली की त्यावर काट मारायची. सीडी मागायला संकोच वाटतो, पण वहीत तारीख असली की बोलणं सोपं जातं.

विकतच्या सिनेमांची एक गंमत असते. व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचंच चित्र मावतं, म्हणून एक सिनेमा दोन-तीन डिस्कवर येतो. घरात भाग एक सापडतो आणि भाग दोन गायब! तेव्हा प्रत्येक भागाची नोंद वेगळी करा: ड-७ भाग १, ड-८ भाग २. कुठला भाग नाही हेही लिहा, म्हणजे दरवेळी शोधाशोध होणार नाही. आणि हो, विकतच्या सिनेमाच्या नकला काढून वाटणं किंवा विकणं कायद्यात बसत नाही. नकला काढायच्या त्या आपल्या घरच्या चित्रणाच्या.

घरच्या चित्रणासाठी आणखी एक पान हवं. त्याला ‘माणसांचं पान’ म्हणा. लग्नाची कॅसेट लावून घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा आणि विचारा, ही हिरव्या लुगड्यातली कोण? नवरीच्या मागे उभी ती कोण? नाव, नातं, गाव लिहून घ्या. बाईचं माहेरचं नावही लिहा. आपल्या आज्या-पणज्यांचे फोटो फार नाहीत आणि सातबाऱ्यावर त्यांची नावंही क्वचितच असतात. पण लग्नाच्या मांडवात त्या हसताना, पाणी वाढताना, गाताना दिसतात. त्यांना ओळखणारी माणसं आहेत तोवरच हे पान भरता येतं. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

बऱ्याच लग्नाच्या कॅसेटमध्ये शूटिंगवाला वरून सिनेमाची गाणी घालतो, त्यामुळे माणसांचे आवाज ऐकूच येत नाहीत. शूटिंगवाला ओळखीचा असेल तर मूळ कच्ची कॅसेट त्याच्याकडे आहे का, ते विचारा. मूळ आवाज तिच्यात असू शकतात.

आता दुसरी प्रत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई. तिने २०१६ साली ते बनवणं थांबवलं. म्हणजे कॅसेट चांगली असली तरी ती लावायचं यंत्र दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. शहरातल्या काही स्टुडिओंत कॅसेट लावून तिचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून देतात. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागतातच, म्हणून पैसे बहुधा तासावर ठरतात. आधी विचारून घ्या. सगळ्या एकदम जमणार नाहीत, तेव्हा ज्यात आता हयात नसलेली माणसं आहेत त्या कॅसेट आधी द्या.

उतरवलेलं चित्रण एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. पेन ड्राइव्ह म्हणजे बाजारची पिशवी. नेण्या-आणण्यासाठी ठीक, साठवणीचं कोठार नव्हे. जमल्यास हार्ड डिस्क घ्या, दोन-तीन बहिणींनी मिळून घेतली तरी चालेल. एक प्रत सासरी ठेवा, एक माहेरी. एका घरात पाणी शिरलं तरी दुसऱ्या घरची प्रत वाचते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा कमी होतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना साल आधी लिहा, जसं ‘२००४ मे मावशीचं लग्न’. मग यादी आपोआप सालवार लागते.

ठेवण्याबद्दल थोडं. कॅसेट उभी ठेवा, स्पीकरपासून आणि ओलीपासून लांब. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका. फीतही बिघडते आणि यंत्रही. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती तोडली की त्यावर चुकून दुसरं रेकॉर्डिंग होत नाही. सीडी कडेला धरा आणि पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. सीडीवर बॉलपेनने लिहू नका, कारण चित्र साठवलेला थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूलाच अगदी पातळ थराखाली असतो. मऊ टोकाचा मार्कर वापरा. घरी किंवा स्टुडिओत भरलेली सीडी उन्हाने आणि उष्णतेने लवकर खराब होते, म्हणून ती खिडकीत नको.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, वही काढा आणि एकेक नंबर ताडून बघा. घरच्या चित्रणातली प्रत्येक फाइल दोन मिनिटं लावून बघा. चालली तर तारीख घालून बरोबरची खूण करा. नाही चालली तर त्याच आठवड्यात दुसऱ्या घरची प्रत मागवून नवी काढा.

या आठवड्यात एवढंच करा: वही आणा, दोन ढीग करा आणि घरच्या चित्रणाला नंबर द्या. माणसांच्या पानावर निदान पाच नावं लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. कोणाच्या कॅसेटमध्ये कोणाची आजी निघते, तेही बघू.