चारही चांगल्या, तरी बिघाड

लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका मित्राने डेस्कटॉपची रॅम १६ जीबीवरून ३२ वर नेली. आठ-आठच्या दोन स्टिक आधीपासून होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, ३२०० स्पीडच्या आणखी दोन आणून त्याने रिकाम्या स्लॉटमध्ये दाबून बसवल्या. विंडोजने मुकाट ३२ दाखवले आणि मग कटकटी सुरू झाल्या. फोटोशॉप मध्येच बंद पडायचं. झिप फाइल करप्ट असल्याचा मेसेज यायचा आणि तीच फाइल पुन्हा उघडली तर सुरळीत उघडायची. ब्लू स्क्रीनवर कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी भलत्याच ड्रायव्हरचं नाव. दर वेळी नवं कारण सांगून दांडी मारणाऱ्या माणसासारखं. ड्रायव्हर खराब असेल तर तो बहुतेक ठरावीक कामाला अडतो. कारणं अशी रोज बदलायला लागली की माझा संशय रॅमवर जातो.

“अरे, रॅम तर कालपरवा आणली. नवीन वस्तूला काय होणार?” हे त्याचं म्हणणं. कुणीतरी त्याला फॉरमॅट मारायलाही सांगितलं होतं. ते मी आधी थांबवलं. विंडोज नव्याने टाकताना प्रत्येक फाइल याच रॅममधून डिस्कवर उतरणार; रॅमच गडबड करत असेल तर नवं विंडोजही जन्मापासून अधू. दुसरा ठरलेला उपाय खोडरबराचा: स्टिक काढायची, सोनेरी कडेवर रबर घासायचं, परत लावायची. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनला हा उपाय लागूही पडतो, पण कोऱ्या स्टिकवर काळपटपणा कुठून येणार? शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवंच दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसल्या, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ करून बसल्याची खात्री केली आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ सुरू केलं.

१९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम आजही याच कामाला येतो. तो विंडोजच्या आधी चालू होतो, जवळजवळ सगळी रॅम ताब्यात घेतो, प्रत्येक जागी ठरलेला आकडा लिहितो, परत वाचतो आणि पडताळतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ चं. हा भार गळत राहतो, म्हणून डीडीआर४ मध्ये साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. एका चाचणीत मेमटेस्ट आकडे लिहून काही मिनिटं नुसतं थांबतं आणि नंतर कुणी काही विसरलं का ते बघतं. ही चाचणी बघत बसण्याइतकं कंटाळवाणं काम नाही.

चार स्टिक लावून पूर्ण स्पीडला पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग एक लाल ओळ आली. आठ ‘एफ’ वाचले जायला हवे होते, शेवटी ‘डी’ आला होता. म्हणजे ३२ बिटांपैकी एकच पडला होता, उजवीकडून दुसरा. एका बिटाने काय बिघडतं ते मराठी मजकुरावर चटकन कळतं. युनिकोडमध्ये ‘ग’चा क्रमांक ०९१७ आणि ‘क’चा ०९१५. नेमका हाच बिट पडला की ‘गाय’ची ‘काय’ होते, आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही. सर्व्हरमधल्या ईसीसी रॅमला अशी एका बिटाची चूक सापडते आणि दुरुस्तही करता येते. घरच्या मशीनमध्ये ती सहसा नसते.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य. बायोसमध्ये एक्सएमपी बंद केल्यावर चारही स्टिक २४०० वर आल्या. रात्रभर चाचणी चालली, चूक नाही. मग एक्सएमपी चालू करून फक्त जुनी जोडी लावली, चूक नाही. त्याच दोन स्लॉटमध्ये नवी जोडी लावली, तरीही नाही. स्लॉट खराब म्हणावेत, तर उरलेल्या दोन स्लॉटमध्येही जोडी नीट चालली. चौघी एकत्र पूर्ण स्पीडला आल्या की मात्र लाल ओळी. दुकानदाराने आधी नव्या स्टिक तपासून दोन्ही चांगल्या आहेत म्हणून परत पाठवल्या होत्या. त्याचं काही चुकलं नव्हतं.

खोक्यावरचा ३२०० हा आकडा त्या खोक्यातल्या जोडीपुरता असतो. एक्सएमपी लावणं म्हणजे १.२ व्होल्टऐवजी १.३५ व्होल्ट देऊन रॅम तिच्या साध्या स्पीडपेक्षा वर पळवणं, खरं तर ओव्हरक्लॉकिंगच. त्यात प्रोसेसर रायझन ५ ३६००. या मालिकेसाठी एएमडीचा स्वतःचाच आकडा दोन स्टिकना ३२००, पण चार सिंगल-रँक स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल-रँकना २६६७. एका चॅनेलवर दोन स्टिक आल्या की तारांवरचा भार वाढतो, सिग्नल परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतात आणि शून्य की एक हे ओळखायला मिळणारी फट अरुंद होते. बऱ्याच बोर्डांवर तारा अशा ओढलेल्या असतात की प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट भरलेले असले की सगळ्यात बरं चालतं. दोन जोड्यांचे स्टिकर बारकाईने पाहिले, तर मॉडेल नंबर एकच असूनही खालचा व्हर्जन नंबर वेगळा होता. सीपीयू-झेडमध्ये चिपच वेगवेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या. दुकानात शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तरी सहसा कुणाच्या लक्षात आलं नसतं.

कंट्रोलरचं व्होल्टेज वाढव, टायमिंग ढिलं कर असे खेळ करता येतात, आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांनी खुशाल करावेत. पोटापाण्याच्या मशीनवर मी करत नाही. एक्सएमपी ठेवून स्पीड हाताने २९३३ केला, मेमटेस्टच्या चारही फेऱ्या कोऱ्या निघाल्या. “म्हणजे पैसे देऊन स्पीड कमी केला?” मित्राचा हिशोब. पण पंचवीस-तीस पानांचा अल्बम उघडला की फोटोशॉपला स्पीडपेक्षा जागा जास्त लागते. १६ जीबी संपल्यावर डिस्कवर जी ओढाताण व्हायची ती आता होत नव्हती, आणि २९३३ आणि ३२०० मधला फरक त्याच्या हाताला जाणवलाही नाही. नव्याने घ्यायची असती तर सोळा-सोळाची एकाच खोक्यातली जोडी घे म्हटलं असतं.

खरं किचकट काम यानंतरचं. बिघाडाच्या काळात कार्डांवरून कॉपी केलेल्या फाइलींचं काय? कार्डं जशीच्या तशी होती तिथे मूळ फाइल आणि कॉपी, दोन्हींचा हॅश काढून जुळवला. बहुतेक जुळले, काही जुळले नाहीत. त्या फाइली पुन्हा कॉपी केल्या. एका कार्डावर मात्र पुढच्या लग्नाचे फोटो चढले होते. तिथे डोळ्यांवरच भिस्त. जेपीइजीमध्ये बिट पलटला तर बहुधा तिथून खालचा भाग करडा होतो किंवा रंग सरकतात, तेवढं दिसतं. कॉम्प्रेस न केलेल्या रॉ फाइलमध्ये एखाद्या ठिपक्याची छटा तेवढी बदलते, आणि हळदीच्या गर्दीत तो ठिपका शोधायला कुणी बसत नाही.